दुसरं गिऱ्हाईक

४ फेब्रुवारी

लिहीन लिहीन म्हणत ही वही इतके महिने नुसती उशाशी ठेवली. ताईने दिली तेव्हा पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं. अक्षर आवडलं नाही म्हणून खोडलं. खोडलेलं पान बघवेना म्हणून फाडलं. मग पेन हरवलं, आणि पेन सापडलं तोवर वहीवर मेव्हण्यांनी चहाचा कप ठेवलेला. खरं सांगायचं तर कंटाळा, दुसरं काही नाही. ताई म्हणते, "तुझं सगळंच अर्धं. शाळा अर्धी, टायपिंग अर्धं, बर्फाच्या कारखान्यातली नोकरी तर पावसुद्धा नाही. निदान एक दिवस तरी शेवटपर्यंत लिहून दाखव." म्हणून बसलोय. पण आजच्या दिवसात लिहिण्यासारखं काही नाही, तेव्हा गेल्या आठवड्यातला लिहितो.

नोकरी लागली. जुन्या फर्निचरच्या दुकानात. मी काम मागायला गेलोच नव्हतो. रस्त्याने जाताना काचेतून एक चामड्याची आरामखुर्ची दिसली. हातांवरचं चामडं झिजून मऊ झालेलं, जणू कोणी आत्ताच उठून आतल्या खोलीत गेलंय. मी आत शिरलो आणि तिच्याभोवती घुटमळत राहिलो. बसायचा धीर झाला नाही. खिशात दमडी नसली की माणूस खुर्चीला पण घाबरतो. माझ्या आधीपासून एक जाडे गृहस्थ तिथे होते, ते कंटाळून निघालेच होते. त्यांनी मला पाहिलं, खुर्चीला पाहिलं, पुन्हा मला पाहिलं, आणि तडक गल्ल्यापाशी जाऊन सौदा करून टाकला. खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत टेम्पोत चढली. मी दारापर्यंत तिच्यामागे गेलो.

मालक बाहेर आले. बुटके, कानावर पेन्सिल. म्हणाले, "पाहुणे, उद्यापासून येता का?"

"कशाला?"

"हेच करायला. तुमच्या चेहऱ्यावर भूक आहे हो. शिकवून येत नाही ती."

तेव्हापासून दुकानात माझं नाव पाहुणा.

७ फेब्रुवारी

कामाचे नियम लिहून ठेवतो, नाहीतर विसरीन. गिऱ्हाईक एखाद्या वस्तूपाशी रेंगाळलं आणि जाऊ की नको करायला लागलं की मालक खाकरतात. मग मी जायचं. आधी नाही. वस्तूकडे बघायचं, माणसाकडे चुकूनही नाही. भाव विचारायचा, घासाघीस करायची नाही. "बायकोला दाखवायला आणतो, तोवर ठेवाल ना?" असं मोठ्याने म्हणायचं. आणि वस्तू गेली की गेली. तिच्याकडे पुन्हा बघायचं नाही, तोंड पाडून बाजूला व्हायचं.

मी म्हटलं, "पण मला बायको नाही."

"मग तर उत्तमच. तोंड पाडायला वेगळं काही करावं लागणार नाही."

दुकानात एक कुत्रा आहे, तो विकायच्या सोफ्यावर झोपतो. कोणी सोफा बघायला आलं की त्याला उठवतात, तो कुरकुरत उठतो, आणि बघणाऱ्याला एकदम तो सोफा हवासा वाटतो. मला वाटतं कुत्राही पगारावर आहे. माझ्याआधी लागलेला.

मालक बोलके आहेत. म्हणतात, "मी लाकूड विकत नाही. लाकडाला कोण विचारतो? लोकांना तुमच्या हातातून काढून घ्यायचं असतं, ते मी विकतो." मला हे पटलं नाही. मला तर त्या वस्तू खरोखरच हव्या असतात. काल एका घड्याळाच्या पेटीसाठी जीव गेला, आणि मला वेळ बघायचीही सवय नाही.

१३ फेब्रुवारी

आज मालकांनी पाठ थोपटली.

एक बाई आली होती. तिने मागच्या महिन्यात आपल्या आईचं आरशाचं टेबल दुकानाला विकलं होतं. आई गेली, घरात जागा नाही, आणि आरशात आई दिसते म्हणून रात्री त्याच्यावर चादर टाकावी लागते, असं म्हणाली होती म्हणे. आज ती नुसती बघायला आली. खण उघडून पाहिला, बंद केला, पदराने आरशाचा कोपरा पुसला. चेहरा मोकळा झाल्यासारखा वाटला. वळली. मालक खाकरले.

मी गेलो. टेबलावर हात ठेवून म्हणालो, "हे माझ्या बहिणीला घेतो. जुनं पॉलिश खरवडून पांढरा रंग मारता येईल ना? आरसा काढून तिथे फळी ठोकू."

हे रंगाचं आणि फळीचं माझ्या मनाचं. कोणी शिकवलं नव्हतं.

ती बाई जागच्या जागी थांबली. मग तिने ते टेबल परत विकत घेतलं, विकलं त्याच्या दुपटीने. जाताना माझ्यासमोर रडायलाच लागली. "माफ करा हं, तुमच्या बहिणीसाठी हवं होतं तुम्हाला. पण ते माझ्या आईचं आहे हो."

"असू दे, असू दे," मी म्हणालो. मला पण भरून आलं. खरंच वाटलं की ताईचं टेबल गेलं.

मालक नंतर हसता हसता खुर्चीत बसले. "पांढरा रंग! अहो पाहुणे, तुम्ही जन्मजात आहात." घरी येऊन पोटभर जेवलो.

२० फेब्रुवारी

मधले दिवस असेच गेले. आज मागच्या खोलीबद्दल लिहितो.

दुकानाच्या मागे कारखाना म्हणावा अशी एक लांब खोली आहे. भुसा, सरसाचा वास, आणि एकच खिडकी. तिथे दोघं काम करतात. सुताराला सगळे रंधा म्हणतात. एकदा चालू लागला की सरळ जातो, पण चालू लागायलाच त्याला युग लागतं. सकाळी "काय म्हणता?" विचारलं तर दुपारी चहाच्या वेळी "ठीक" म्हणतो. दुसरी पॉलिशवाली. ही माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी असेल. जिभेला हाड नाही. दिवसभर चिंधीचा बोळा स्पिरिटात बुडवून लाकडावर गोल गोल फिरवते, त्यामुळे तिची नखं कायम तपकिरी. जेवताना माझी नजर गेली तर घास घशाखाली उतरत नाही. मी तिच्याकडे पाठ करून बसतो.

या दोघांचं लग्न व्हायचं आहे. कधीपासून? मालक म्हणतात, कुत्रा पिल्लू होता तेव्हापासून. भिजत घोंगडं. रंधा म्हणतो, आधी पलंग होऊ दे. त्यांच्यासाठी तो स्वतः एक सागवानी पलंग बनवतोय, मोडलेल्या कपाटांतून चांगलं चांगलं लाकूड निवडून. खिळा एकही नाही, सगळे सांधे. फार देखणा आहे. पण डोक्याकडची फळी तीनदा बसवून तीनदा उतरवली. इथे एक पद्धत आहे. ज्या वस्तूवर खडूची फुली असेल ती विकायची नाही, कोणासाठी तरी राखलेली. दुकानात फुली मारायचा हक्क फक्त रंध्याला. पलंगावर फुली आहे आणि ती पुसट झाली की तो पुन्हा मारतो. लग्नाचं काही बोलत नाही, फुली मारतो.

पॉलिशवाली म्हणते, "माझ्या कपाळावर पण मारून ठेव की एक. मी तरी राखीव आहे हे कळेल लोकांना."

रंधा हसतो आणि पेन्सिल शोधायला लागतो.

२७ फेब्रुवारी

आज दुपारी पॉलिशवाली माझ्यासमोर येऊन बसली. मला पाठ फिरवायलाही वेळ मिळाला नाही.

"पाहुण्या, तुझं ते पुढच्या खोलीतलं काम आहे ना, ते जरा माझ्यासाठी कर की."

"कोणतं?"

"उभं राहायचं. माझ्यापाशी."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. तिच्या भावाने, म्हणजे तिच्या दादाने, आता बोलून टाकलंय. आईवडील नाहीत, सगळं दादाच्या हातात. एप्रिलच्या मध्याला तो येणार, तोवर सुताराने हो म्हटलं तर ठीक, नाहीतर त्याच्या गावातला एक बिजवर बघून ठेवलाय, त्याच्याशी उरकून टाकायचं.

"कसा आहे?"

"मी कुठे पाहिलाय? टक्कल असेल. बोलताना दातांतून शिट्टी वाजत असेल. बिजवर असेच असतात." हसली, पण हातातला बोळा पिळत राहिली. "अरे, मला हाच हवाय. हा मठ्ठ. पण त्याच्या जिवाला घाईच नाही. मी इथेच आहे ना रोज, कुठे पळून जातेय? त्या सोफ्यासारखी."

"पण तो रोज मागून माझं काम बघतो. त्याला कळणार नाही?"

"ज्याचं त्याला कधी कळलंय?"

मी हो म्हटलं. फुकट. काम काम असतं, आणि खरं तर मला नाही म्हणायला जमत नाही. मेव्हणे म्हणतात तो माझा एकमेव गुण, आणि तोही दोष आहे.

४ मार्च

सुरुवात केली. नियमाप्रमाणे रंध्याकडे बघायचंच नाही. मी तिच्यासाठी चहा आणला. मोठ्याने म्हणालो, "आज केस वेगळे बांधलेत वाटतं!"

ती दातांतल्या दातांत म्हणाली, "हळू. पलीकडच्या रस्त्यावरचे लोक मागणी घालायला येतील."

मग मी तिच्या शेजारी बसून पॉलिश पेपर घासायला लागलो. तिने माझा हात धरून दाखवलं, दाब कसा द्यायचा. नखं दिसली. मी छताकडे पाहिलं. छताला एक पाल होती, तिला शेपूट नव्हतं, तिच्याकडेच बराच वेळ बघत बसलो. पालीचं शेपूट परत येतं म्हणतात, ते येताना कसं दिसत असेल?

९ मार्च

रंध्याचा रंधा आज दोनदा अडकला. मालकांनी मान वर करून पाहिलं, असं कधी होत नाही म्हणे.

दुपारी तो माझ्यापाशी आला. आपणहून! म्हणाला, "स्पिरिटजवळ विडी ओढू नकोस."

"मी विडी ओढत नाही."

"तरी."

पॉलिशवालीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "झालं. गिऱ्हाईक वळलं."

१२ मार्च

गिऱ्हाईकाने घेतलं!

रंधा सकाळी आला, डबा ठेवला, आणि सगळ्यांसमोर, म्हणजे मी, मालक आणि कुत्रा, म्हणाला, "आईला सांगितलं काल. पुढच्या महिन्यात करू." आणि रंधा उचलून लाकडावर चालवायला लागला. एवढंच. पॉलिशवाली स्टुलावर बसली ती बसलीच. तिच्या हातातल्या बोळ्यातून स्पिरिट टपटप फरशीवर.

मालकांनी सगळ्यांचं तोंड गोड केलं. मला कानात म्हणाले, "लाकडात ठीक होतं, तुम्ही तर माणसांतही हात घातलात."

डोक्याकडची फळी चौथ्यांदा बसली. आता उतरणार नाही म्हणाला.

१६ मार्च

झोप नाही.

वस्तू गेली की तिच्याकडे बघायचं नाही हा नियम आहे, तो मला तोंडपाठ आहे. तरी आज मागच्या खोलीत काही काम नसताना तीनदा गेलो. ती रंध्याशी बोलत होती. काय, तर बिजागरीबद्दल. बिजागरीबद्दल बोलताना कोणी एवढं हसतं? मी चहा नेला तर म्हणाली, "अरे, आता कशाला? झालं की काम." मीही हसलो. बाहेर येऊन कुत्र्याला सोफ्यावरून ढकललं.

तिचे हात मी आज नीट पाहिले. तो तपकिरी रंग घाण नाही, मुरलेला आहे. जुन्या चांगल्या लाकडाला असतो तसा. हे इतके दिवस कसं दिसलं नाही? ते हात त्या मठ्ठाच्या घरी जाणार, आणि तो "ठीक" म्हणायला दुपार करणार.

ताईला सगळं सांगितलं. ताई भाकरीएवढा उसासा टाकून म्हणाली, "ती मोकळी होती तेव्हा पाठ करून जेवत होतास ना रे?"

"तेव्हा ओळख नव्हती."

"ओळख आत्ताही नाही," ती म्हणाली. ताईला बोलायला काय जातं!

२१ मार्च

मी विचार केला आणि ठरवलं की रंध्याला खरं सांगायचं. लग्नासारख्या गोष्टीत लबाडी नको. कोणी माझ्याशी असं केलं असतं तर मला आवडलं असतं का? मित्र म्हणून सांगणं माझं कामच होतं.

पॉलिशवाली बाहेर गेली होती तेव्हा सांगितलं. की ते चहा, ते केस, सगळं नाटक होतं, तिनेच करायला लावलं.

रंधा पटाशीला धार लावत होता. थांबलाही नाही. म्हणाला, "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"काय?"

"तू तिच्याकडे बघायचं सोडून पालीकडे बघत होतास." मग पहिल्यांदाच तो लांबलचक बोलला. "मला वाटलं, हिला माझ्यासाठी एवढं करावंसं वाटलं. मला आजवर कोणी असं मागितलं नव्हतं. लाज वाटली मला माझी. म्हणून त्या दिवशी आईशी बोललो."

मी तयारी करून गेलो होतो ती सगळी वाया. तो तिथे धार लावत बसलेला, चेहऱ्यावर असं सुख, जणू ती आरामखुर्ची याचीच होती आणि मी उगाच काचेतून बघत होतो.

मी म्हणालो, "सुरुवातीला नाटक होतं. आता तिच्या बाजूने राहिलं नाही."

पटाशी थांबली.

"परवा म्हणाली मला, तू आधी आला असतास तर बरं झालं असतं."

हे अगदीच खोटं नाही. तिने म्हटलं होतं हे, शब्द न शब्द. एक मोठं कपाट जिन्यावरून उतरवायचं होतं आणि मी उशिरा पोचलो तेव्हा. पण म्हटलं होतं.

रंध्याने बराच वेळ पटाशीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तरुण आहेस तू. बोलतोस छान." आणि कामाला लागला. मला वाटलं, याला काही फरक पडला नाही.

२४ मार्च

फरक पडला.

सकाळी गेलो तर पलंगावरची फुली पुसलेली. ओल्या फडक्याने, नीट, खडूचा कणही ठेवला नव्हता. रंधा मालकांना म्हणाला, "हा पुढे मांडा." मालक म्हणाले, "अरे, शुद्धीवर आहेस का?" तो म्हणाला, "मला धरणाच्या कामावर बोलावलंय. दोन वर्षांचं आहे." हत्यारांची पेटी खांद्यावर टाकली. पॉलिशवाली दारात उभी होती. तो तिच्यापाशी थांबला. आता विचारतो, आता सगळं बाहेर येतं.

म्हणाला, "सुखात राहा." आणि गेला.

विचारलंच नाही त्याने! लग्नाचं विचारायला ज्याला वर्षं लागली, त्याला हे विचारायला किती लागली असती? तिला वाटलं तो चेष्टा करतोय. ती संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होती.

मग मला म्हणाली, "तुझ्याशी काही बोलला का रे तो?"

मी म्हणालो, "त्याच्या आईला तुझं वय खटकलं बहुतेक."

तिने मान हलवली. कोणीतरी ओळखीचाच हिशेब वाचून दाखवावा तशी. सत्य सांगितलं असतं तर तिला त्रासच झाला असता.

३१ मार्च

पलंग विकला गेला. आधी त्याला पॉलिश करायचं होतं, आणि पॉलिश करणारी एकच. मालक म्हणाले, "राहू दे पोरी, बाहेरून माणूस आणतो." ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मला चालायचा नाही." चार दिवस घासत होती. असा चमकला की त्यात खिडकी दिसत होती.

एक नवं जोडपं आलं. त्यांना आवडला, पण खोलीत बसेल का म्हणून दोघं वीत लावून मोजत बसले. मालक खाकरले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी आपणहून गेलो. काम म्हणजे काम. पलंगावर हात ठेवला आणि म्हणालो, "माझं लग्न ठरलंय, हाच हवा मला."

मागून बोळ्याचा आवाज बंद झाला.

जोडप्याने लगेच घेतला. माझा आवाज किंचित फाटला होता, तो उत्तम बसला. मालक संध्याकाळी म्हणाले, "आज तुम्ही फार छान केलंत, पाहुणे," आणि माझ्यापासून थोडं लांब सरकून बसले. त्यांचं पोट ठीक नसावं.

६ एप्रिल

विचारलं तिला. दुकानाच्या मागच्या पायरीवर. आठवडाभर हेच डोक्यात, जेवण नाही, काही नाही. तिचा दादा पुढच्या रविवारी येणार, मग ती बिजवराची होणार, मग संपलंच. हे सुचलं की छातीत कोणी मूठ आवळल्यासारखं व्हायचं.

मी म्हणालो, "माझ्याशी कर."

"चेष्टा करतोस?"

"नाही."

समोर एक माणूस सायकलवर आरसा बांधून चालला होता आणि त्यात आख्खं आभाळ हलत होतं, मी तेच बघत राहिलो. मग ती म्हणाली, "माझ्या मनात तो आहे अजून. तुला खोटं नाही सांगणार."

"जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "निदान तू विचारलंस. तोंडाने, मला, माझ्यासमोर. एवढंही कोणी केलं नव्हतं." आणि मग, "बरं."

मग तिने माझा हात धरला. नखं दिसली. तपकिरी. स्पिरिटचा वास.

९ एप्रिल

ती माझ्यासाठी डबा आणते आता. मला अहो म्हणू की अरे, विचारते. मालकांनी आम्हाला दुकानातून एक कपाट देऊ केलंय. कोणतंही निवडा म्हणाले. दुकानभर फिरलो. एकही आवडलं नाही. सगळी आपली लाकडं.

जेवताना पुन्हा पाठ करून बसावंसं वाटतं, पण आता बसता येत नाही.

टेम्पोवाला सांगत होता, वर डोंगरात ताऱ्यांच्या मोठ्या दुर्बिणीचं केंद्र बांधतायत, तिथे माणसं हवीत. रात्री एवढे तारे दिसतात म्हणे की मोजायची पण लाज वाटते. रविवारी दुपारी त्याची खेप आहे. एक जागा आहे पुढे.

मला तारे आधीपासून आवडतात. हे कोणाला कधी सांगितलं नाही एवढंच.

१३ एप्रिल, रविवार

पिशवी भरली. तिला सांगितलेलं नाही. सांगून रडारड, मग दादा, मग आणखी बोलणी. न सांगणंच सोपं पडेल तिला, राग येईल आणि रागात माणूस लवकर सावरतं. तिचा दादा संध्याकाळी पोचणार, तोवर मी घाट चढलेला असेन. टेम्पोवाला कोपऱ्यावर येऊन हॉर्न देणार आहे.

ताईने पिशवी पाहिली. म्हणाली, "दुरून डोंगर साजरे."

"जवळूनही असतील. कोणी बघायला गेलं पाहिजे ना?"

"आणि तिचं काय?"

"तिला तो दादाने बघितलेला आहेच की." असं म्हणालो आणि मला बरं वाटलं. कोणाचंच नुकसान नाही.

खाली कोणीतरी कडी वाजवतंय. हॉर्न नाही, कडी. ताई गेली आहे.

ताई वर येऊन गेली. तिचा श्वास लागला होता. म्हणाली, "अरे, तो आलाय. बिजवर. दादाच्या आधी एकटाच निघून आलाय, पत्ता विचारत विचारत."

"कशाला? भांडायला?"

"भांडायला कसला! इतका सरळ माणूस आहे. चष्म्याच्या काचा घासायचं काम करतो. म्हणतो, मुलीचं दुसरीकडे ठरल्याचं कळलं, तर मी मधे येणार नाही, पण मुलाला एकदा स्वतः विचारून जावं म्हटलं, की पक्कं आहे ना? नसेल, तर मी तिला आनंदाने नेईन, तिचं काम पण सुटू देणार नाही, माझ्या दुकानामागे खोली आहे." ताईने माझा दंड धरला. "तुला जायचं तर जा. पण खाली जा आणि त्याला खरं सांगून जा. आयुष्यात ही एक गोष्ट पुरी कर. त्या पोरीचं भलं होईल रे."

मी खिडकीतून पाहिलं. टक्कल नाही. दाट केस, कानांपाशी थोडे पांढरे. अंगणात उभा आहे, चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवलीय. त्याचेही हात कामाचे आहेत, बोटांच्या टोकांना काचेची पांढरी पूड. ते हात आणि ते तपकिरी हात एका ताटाशी बसलेले माझ्या डोळ्यांसमोर आले आणि छातीत ती मूठ पुन्हा आवळली. तीच ती. मला वाटलं होतं गेली. म्हणजे माझं तिच्यावर खरंच प्रेम आहे! नाहीतर एवढं का व्हावं?

टेम्पोचा हॉर्न वाजला. दोनदा.

मी पिशवीतून चांगला शर्ट काढला. ताईला म्हणालो, "चहा ठेव. आणि त्यांना सांग, पक्कं आहे. मी येतोच खाली, माझ्या तोंडून सांगतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं तसं आजवर पाहिलं नव्हतं. जिना उतरून गेली. हॉर्न थांबलाय.

तो एकटा आलेला नाही, आत्ता दिसलं. पायरीवर एक लहानशी मुलगी बसली आहे, त्याचीच असणार, नाक अगदी तसंच. मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरून बसलीय. पॉलिशवालीसाठी आणलं असेल. काय आहे कोण जाणे, पण मला ते बघायचंय.